पन्नास डॉलरच्या नोटेवरचा सेनापती

अमेरिकेची पन्नास डॉलरची नोट आता आपल्या मंडळातल्या पुष्कळ घरांनी पाहिली आहे. मुलगा नाहीतर मुलगी-जावई तिकडे असतात, सुट्टीत आले की पाकिटात एखादी नोट उरलेली सापडते. तिच्यावरचा दाढीवाला, किंचित थकलेला चेहरा युलिसिस ग्रँटचा. अमेरिकेच्या यादवी युद्धातला विजयी सेनापती आणि पुढे त्या देशाचा अठरावा राष्ट्राध्यक्ष. गंमत अशी, की या माणसाच्या हाती पैसा जन्मभर टिकला नाही. ऐन उमेदीत त्याने सरपण विकले, घड्याळ गहाण टाकले. राष्ट्राध्यक्षपद भोगून झाल्यावर साठीत त्याचे दिवाळे निघाले, आणि मरणाच्या दारात बसून पुस्तक लिहून त्याने बायकोची सोय केली.

संपादक मंडळाने यंदा आम्हाला बजावले होते, की पानिपत आणि शिंदे-भोसले पुष्कळ झाले, काही वेगळे लिहा. आम्ही राज्य शासनाच्या बांधकाम खात्यात उपयंत्री. शिक्षण डिप्लोमापर्यंत, इतिहासाची पदवी नाही, वाचनाची खोड तेवढी आहे. ग्रँट आम्हाला ओढून घेतो त्याचे कारण त्याच्या लढायांहून वेगळे आहे. दुसऱ्याच्या शब्दावर नि दुसऱ्याने पुढे केलेल्या कागदावर किती विसंबायचे, हा प्रश्न आमच्या नोकरीत रोज पडतो. ग्रँटपुढे तो जन्मभर उभा होता, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असे : विश्वास ठेवायचा. याच उत्तराने एका फुटलेल्या देशाला तह पचला, आणि याच उत्तरापायी पुढे त्याचे सरकार बदनाम झाले व घर बुडाले.

जन्म २७ एप्रिल १८२२ चा, ओहायो राज्यातल्या पॉइंट प्लेझंट या खेड्यातला. वडील जेसी यांचा कातडी कमावण्याचा धंदा. पोराला त्या कामाची शिसारी. जीव सगळा घोड्यांत. आठेक वर्षांचा असताना जवळच्या एका शेतकऱ्याचे शिंगरू त्याच्या मनात भरले. वडिलांनी पढवून पाठवले : आधी वीस डॉलर म्हण, नाही म्हणाला तर साडेबावीस, तरी ऐकेना तर पंचवीस दे. पोरगा गेला आणि वडिलांचे हे सगळे बोलणे त्याने शेतकऱ्यापुढे जसेच्या तसे म्हणून दाखवले. शिंगरू कितीला पडले हे सांगायला नको. गावातल्या पोरांनी यावरून त्याला पुढे बरीच वर्षे छळले. ही हकिगत ग्रँटने उतारवयात स्वतःच लिहून ठेवली आहे. घासाघीस ही कला त्याला शेवटपर्यंत साधली नाही.

वडिलांनी खटपट करून १८३९ मध्ये त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत घातले. खरे नाव हायरम युलिसिस ग्रँट. शिफारस करणाऱ्या काँग्रेस-सदस्याने कागदावर चुकून 'युलिसिस एस. ग्रँट' लिहिले आणि ते नाव जन्माचे चिकटले. सरकारी कागदावर एकदा चढलेले नाव उतरवणे किती अवघड, हे ज्यांनी मुलांच्या दाखल्यांसाठी खेपा घातल्या त्यांना ठाऊक आहे. १८४३ मध्ये तो उत्तीर्ण झाला, ३९ जणांत एकविसावा. घोडेस्वारीत मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

लगेचच मेक्सिकोचे युद्ध आले (१८४६ ते १८४८). बलाढ्य देशाने दुबळ्या शेजाऱ्यावर लादलेले हे अन्यायाचे युद्ध, असे ग्रँटचे मत होते, पण नोकरी म्हणून तो लढला. मॉन्टेरीच्या रस्त्यांत गोळ्या चालू असताना घोड्याच्या एका अंगाला लटकून, खोगिराआड शरीर लपवून त्याने दारूगोळ्याचा निरोप पोचवला. पण त्याचे नेमणुकीचे काम रसद सांभाळण्याचे. खेचरे, तंबू, पीठ, चारा, गाड्या. कुठली वस्तू कुठे अडली आणि कशी सोडवायची. आमच्या मते पुढच्या सेनापतीची खरी शाळा हीच. युद्ध संपता संपता एक घटना घडली, ती मोठ्या चरित्रांत दोन ओळींत येते, आम्हाला मात्र ती विसरवत नाही. त्याच्या जबाबदारीवरचे पलटणीचे हजार डॉलर चोरीला गेले. चौकशी झाली, ग्रँटचा दोष नाही असे निष्पन्न झाले, तरी रक्कम त्याच्या नावावर बाकी राहिली ती राहिलीच. ती माफ व्हायला १८६२ साल उजाडले आणि त्यासाठी काँग्रेसला कायदा करावा लागला. तोवर तो जनरल झाला होता! लेखापरीक्षणाचे आक्षेप सगळीकडे सारखेच.

१८४८ मध्ये ज्युलिया डेंटशी त्याचे लग्न झाले. सासरे मिसूरीतले गुलाम बाळगणारे जमीनदार, आणि वडील गुलामगिरीचे कट्टर विरोधक, इतके की आईवडील लग्नाला गेले नाहीत. चार वर्षांनी पलटणीची बदली थेट पॅसिफिक किनाऱ्यावर झाली. वाटेत पनामात कॉलऱ्याने पलटणीतली आणि बरोबरच्या कुटुंबांतली पुष्कळ माणसे नेली. बायको-मुले दोन हजार मैल मागे, पगारात त्यांना आणणे शक्य नाही, पावसाळी ओसाड छावणी, आणि हाताशी दारू. १८५४ मध्ये त्याने राजीनामा दिला. दारूमुळे द्यावा लागला असे तेव्हाही बोलले गेले आणि हा डाग त्याला जन्मभर चिकटला. परतीच्या वाटेवर न्यूयॉर्कला तो पोचला तेव्हा हॉटेलचे बिल भरायला पैसे नव्हते. वेस्ट पॉइंटचा जुना मित्र सायमन बकनर मदतीला धावला. वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे.

पुढची सहा वर्षे वाचताना जीव कासावीस होतो. सासरच्या जमिनीवर त्याने स्वतःच्या हाताने लाकडी घर उभारले आणि त्याला नाव दिले 'हार्डस्क्रॅबल', म्हणजे मर मर राबून जेमतेम पोट भरण्याची जागा. शेती साधली नाही. जुना लष्करी कोट अंगावर घालून तो सेंट लुईसच्या रस्त्यांवर सरपणाची गाडी घेऊन उभा राही. ओळखीचे अधिकारी भेटले की दोघांनाही काय बोलावे कळत नसे. १८५७ च्या नाताळाच्या दोन दिवस आधी त्याने सोन्याचे घड्याळ २२ डॉलरला गहाण टाकले. ती गहाणवटीची पावती टिकून आहे. भाडेवसुलीचा धंदा केला, तोही बसला. थकलेल्या भाडेकऱ्याला दटावणे त्याच्याच्याने होईना. याच दिवसांत, मार्च १८५९ मध्ये, सासऱ्यांकडून मिळालेल्या विल्यम जोन्स नावाच्या गुलामाला त्याने कोर्टात जाऊन मुक्त केले. त्याला विकले असते तर शेकडो डॉलर हाती आले असते. मुक्तिपत्र अवघ्या काही ओळींचे आहे आणि त्यात भाषणबाजी नाही. अखेर १८६० मध्ये ३८ वर्षांचा हा माणूस इलिनॉयमधल्या गलीना गावी वडिलांच्या चामड्याच्या दुकानात, धाकट्या भावांच्या हाताखाली, कारकून म्हणून बसला.

एप्रिल १८६१ मध्ये दक्षिणेच्या तोफांनी फोर्ट सम्टरवर मारा केला आणि यादवी सुरू झाली. प्रशिक्षित अधिकाऱ्यांचा दुष्काळ होता. दोनच महिन्यांत ग्रँटकडे इलिनॉयच्या एकविसाव्या पलटणीचे कर्नलपद आले. पहिल्या मोहिमेवर तो हॅरिस नावाच्या शत्रू-कर्नलच्या तळावर चालून निघाला. टेकडी चढताना छातीत धडधड होत होती, मागे फिरावे असे वाटत होते, पण थांबा म्हणण्याचे धैर्य नव्हते, असे तो प्रांजळपणे लिहितो. माथ्यावर पोचून पाहतो तो तळ रिकामा. हॅरिस आधीच पळालेला. तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की आपण जितके त्याला भ्यायलो तितकाच तो आपल्याला भ्यायला होता. ग्रँट म्हणतो, हा प्रश्न या बाजूने आपण कधी पाहिलाच नव्हता. नंतर मात्र तो धडा कधी विसरलो नाही.

फेब्रुवारी १८६२ मध्ये टेनेसीतला डोनेल्सन किल्ला त्याने वेढला. आतल्या सेनापतीने तहाच्या अटी विचारल्या. बिनशर्त शरणागतीखेरीज दुसरी अट नाही, असे ग्रँटने कळवले. नावातल्या त्या निरर्थक आद्याक्षरांना लोकांनी लगेच 'अनकंडिशनल सरेंडर' असा अर्थ लावून दिला. बारा हजारांवर सैन्य कैद झाले. शरण आलेला सेनापती कोण, तर सायमन बकनर! त्याला ग्रँटचे उत्तर उद्दामपणाचे वाटले आणि त्याने ते बोलूनही दाखवले. पण शरणागती आटोपल्यावर ग्रँट त्याला बाजूला घेऊन गेला आणि आपली पैशाची पिशवी हळूच त्याच्यापुढे केली. कैदेत जायचे तर खर्चाला लागतील म्हणून.

लढायांची जंत्री इथे देत नाही. एप्रिल १८६२ मध्ये शायलो येथे पहिल्या दिवशी तो बेसावध सापडला, दुसऱ्या दिवशी सावरला. दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून तेवीस हजारांवर माणसे मेली, जखमी झाली वा हरवली. त्याच वर्षाच्या अखेरीस कापसाच्या चोरट्या व्यापारावर संतापून त्याने आपल्या मुलखातून सरसकट सगळ्या ज्यू लोकांना हाकलण्याचा हुकूम काढला. लिंकनने तो रद्द करायला लावला. पुढे ग्रँटला त्याची लाज वाटत राहिली, आणि आम्हालाही त्याच्यासाठी सबब शोधाविशी वाटत नाही. ४ जुलै १८६३ ला मिसिसिपी नदीवरचे व्हिक्सबर्ग त्याने घेतले आणि सुमारे २९ हजार सैनिक शरण आले. त्यांना कैदेत न टाकता पुन्हा लढणार नाही अशा लेखी वचनावर त्याने घरी जाऊ दिले. वरिष्ठांना हे पसंत नव्हते. ग्रँटचा हिशेब असा, की इतक्या तोंडांना खायला घालून उत्तरेत पोचवण्यात आपलीच नावे नि आगगाड्या अडकतील. शिवाय दमलेला शिपाई घरी गेला की घरचाच होतो. काही जण पुन्हा शस्त्र घेऊन उभे राहिले हेही खरे.

मार्च १८६४ मध्ये लिंकनने त्याला सर्व सैन्यांचा सरसेनापती केले आणि व्हर्जिनियात त्याची गाठ रॉबर्ट ली याच्याशी पडली. मे-जून या दोन महिन्यांत उत्तरेची पन्नास हजारांवर माणसे मृत, जखमी वा बेपत्ता झाली. वर्तमानपत्रे त्याला खाटीक म्हणू लागली. कोल्ड हार्बर येथे ३ जूनला केलेल्या हल्ल्याचा आपल्याला कायम पश्चात्ताप वाटला, असे त्याने लिहून ठेवले आहे. सेनापती असे क्वचित लिहितात. मग पीटर्सबर्गचा नऊ महिन्यांचा वेढा, आणि अखेर ९ एप्रिल १८६५, अॅपोमॅटॉक्स.

ते एका गृहस्थाचे साधे विटांचे घर होते. ली कोरा करकरीत गणवेश, रेशमी पट्टा, उंची तलवार लावून आलेला. ग्रँट चिखलाने माखलेले बूट आणि साध्या शिपायाचा कोट, त्यावर हुद्द्याची पट्टी तेवढी शिवलेली. आदल्या रात्रीपासून त्याचे डोके ठणकत होते. लीची चिठ्ठी आल्याबरोबर ते थांबले म्हणतात. भेटल्यावर ग्रँट मेक्सिकोच्या जुन्या गोष्टींत रमला, तेव्हा लीनेच मुद्द्याची आठवण करून दिली. मग त्याने कागद ओढला आणि पूर्वतयारी नसताना एका बैठकीत अटी लिहून काढल्या. शस्त्रे आणि तोफा ठेवायच्या. अधिकाऱ्यांच्या कमरेच्या तलवारी आणि त्यांचे स्वतःचे घोडे त्यांच्याजवळ राहतील. पुन्हा न लढण्याचे वचन देऊन प्रत्येकाने घरी जायचे, आणि जोवर तो वचन पाळून कायद्याने वागतो तोवर सरकार त्याला त्रास देणार नाही. हे शेवटचे वाक्य साधे दिसते. पण बंडखोरांना फासावर चढवा म्हणणाऱ्यांची उत्तरेत तेव्हा वाण नव्हती.

लीने वाचून सांगितले, की आमच्याकडे घोडदळ-तोफखान्यातल्या शिपायांचे घोडेही त्यांचे स्वतःचे असतात. ग्रँट म्हणाला, अटी बदलून लिहीत नाही. पण यातले बहुतेक लहान शेतकरी असतील, पेरणी तोंडावर आहे, तेव्हा आपला घोडा वा खेचर म्हणेल त्याला ते नेऊ द्यावे अशी सूचना मी देतो. म्हणेल त्याला! पुरावा मागितला नाही. लीचे सैन्य उपाशी होते, तेव्हा पंचवीस हजार माणसांचा शिधा त्याने त्याच दिवशी द्यायला लावला. अटींची स्वच्छ प्रत करणारा अधिकारी होता इली पार्कर, सेनेका जमातीचा अमेरिकन इंडियन. ली परत निघाला तसे उत्तरेच्या छावणीत आनंदाने तोफा सुरू झाल्या. ग्रँटने त्या बंद करवल्या.

त्या शब्दाची कसोटी दोनच महिन्यांत लागली. लिंकनचा खून झाला होता, लोक खवळले होते, आणि नवे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्या काळात लीवर राजद्रोहाचा खटला भरण्याची तयारी झाली. ग्रँटने जॉन्सनला साफ सांगितले, की मी दिलेले वचन मोडून लीला अटक होणार असेल तर मी राजीनामा देतो. खटला बारगळला. यादवीनंतर सूडाची दुसरी यादवी होते, असे इतिहासात फार वेळा घडलेले आहे. तिथे दक्षिणेचे सेनापती आपापल्या घरी म्हातारे झाले.

या शरणागतीचा धक्का मुंबईलाही बसला होता. युद्धात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस पुरवला तो मुंबई बंदराने. वऱ्हाड-खानदेशच्या मालाला सोन्याचा भाव आला आणि प्रेमचंद रायचंद यांच्या काळातली शेअरबाजाची झिंग चढली. युद्ध संपल्याची बातमी येताच कापूस कोसळला. १ जुलै १८६५ ला सौद्यांची मुदत भरली तेव्हा शहरातल्या नामांकित पेढ्या लागोपाठ बसल्या. आपल्या पणजोबांच्या पिढीतल्या किती जणांचे संसार व्हर्जिनियातल्या त्या बैठकीने हलले असतील, कोण जाणे.

१८६८ ची निवडणूक ग्रँटने जिंकली. वय ४६, तोवरचा सर्वांत तरुण राष्ट्राध्यक्ष. राजकारणाचा अनुभव शून्य. आठ वर्षांच्या या कारकिर्दीचे वर्णन पूर्वी 'भ्रष्टाचाराचे युग' एवढ्यावरच उरकले जाई. अलीकडच्या अभ्यासकांनी तिची दुसरी बाजू पुढे आणली आहे आणि ती आम्हाला पटते. मुक्त झालेल्या काळ्या नागरिकांना मतदानाचा हक्क देणारी पंधरावी घटनादुरुस्ती १८७० मध्ये झाली. ती हाणून पाडायला दक्षिणेत कू क्लक्स क्लॅन ही टोळी रात्री घोड्यांवरून फिरून खून, जाळपोळ, फटके असा कारभार करी. ग्रँटने त्याच वर्षी स्थापन झालेल्या न्याय खात्याला तिच्या मागे लावले, आणि १८७१ मध्ये दक्षिण कॅरोलायनाच्या नऊ परगण्यांत सैन्य वापरून शेकडो जणांना पकडले. ती टोळी त्या पिढीपुरती तरी मोडली. याच काळात, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले म्हणून, अर्पण केली. पुण्यात बसून जोतीराव ज्यांचे आभार मानत होते, त्यांचा राष्ट्राध्यक्ष तेव्हा ग्रँट होता. मात्र १८७५ मध्ये मिसिसिपीत पुन्हा दहशत माजली तेव्हा उत्तरेतले लोक कंटाळले होते, आणि ग्रँटने सैन्य धाडले नाही. तिथला काळा मतदार त्यानंतर जवळजवळ शतकभर मतपेटीपर्यंत पोचला नाही.

आता दुसरी बाजू. १८६९ मध्ये गूल्ड आणि फिस्क या दोन सटोडियांनी ग्रँटच्या मेहुण्यालाच हाताशी धरून बाजारातले सोने कोंडायचा डाव टाकला. ग्रँटला उशिरा समजले, पण समजताच त्याने सरकारी तिजोरीतले चाळीस लाखांचे सोने विकायला काढले आणि डाव उधळला. बाजार मात्र होरपळला. १८७५ मध्ये दारूवरच्या कराची चोरी उघडकीस आली. दारू गाळणारे आणि कर वसूल करणारे अधिकारी, सगळी साखळी. ग्रँटने आधी कागदावर शेरा मारला, की कोणीही अपराधी सुटता कामा नये. धागा पोचला त्याच्याच खासगी सचिवापर्यंत, ऑर्व्हिल बॅबकॉकपर्यंत. हा युद्धातला त्याचा सोबती. ग्रँटने त्याच्या बाजूने साक्ष नोंदवली आणि बॅबकॉक सुटला. पाठोपाठ युद्धमंत्री बेलनॅप लाच खाताना पकडला गेला. तो रडत राजीनामा घेऊन आला आणि ग्रँटने तो तिथल्या तिथे स्वीकारला.

स्वतः ग्रँटने या प्रकरणांत पैसा खाल्ला असे कोणी सिद्ध केले नाही. पण आम्हाला असे वाटते, की 'साहेब स्वतः खात नाहीत' हे प्रशस्तिपत्र वरच्या माणसाला पुरत नाही. मोजमाप पुस्तकावर सही आमची असेल, तर खड्डा किती खोल होता हे आम्ही उतरून पाहिले पाहिजे. मुकादम चांगला माणूस आहे, हे उत्तर चालत नाही. रणात ग्रँट माणसांना चोख ओळखी, शर्मन आणि शेरिडन ही रत्ने त्यानेच निवडली. तिथे निकाल संध्याकाळपर्यंत लागतो आणि खोटा माणूस उघडा पडतो. राजधानीत खोटा माणूस वर्षानुवर्षे गोड बोलत राहू शकतो. १८७६ च्या अखेरच्या संदेशात ग्रँटने काँग्रेसपुढे कबूल केले, की माझ्या हातून चुका झाल्या, त्या निर्णयाच्या होत्या, हेतूच्या नव्हत्या.

पद सुटल्यावर तो आणि ज्युलिया जगाच्या प्रवासाला निघाले. १३ फेब्रुवारी १८७९ ला ते मुंबईत उतरले, मलबार पॉइंटच्या सरकारी निवासात राहिले, घारापुरीची लेणी पाहिली. मग आगगाडीने उत्तरेकडे. जी.आय.पी. आणि ईस्ट इंडियन या रेल्वे १८७० मध्ये आपल्या जबलपुरातच एकमेकींना येऊन मिळाल्या होत्या, त्यामुळे मुंबई-अलाहाबादची वाट इथूनच होती. आग्रा, जयपूर, दिल्ली, लखनौ, काशी करून तो कलकत्त्याला गेला. त्याच महिन्यात, २३ फेब्रुवारीला, पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केलेल्या वासुदेव बळवंत फडके यांनी धामारीवर छापा घालून बंडाची सुरुवात केली. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तारखा शेजारी आल्या म्हणून नोंदवले एवढेच. मेजवान्या झोडणाऱ्या पाहुण्याच्या कानावर दख्खनच्या दुष्काळाची खरी हकिगत कितपत गेली असेल, याची शंकाच आहे.

परत आल्यावर १८८० मध्ये तिसऱ्यांदा उमेदवारी मिळवण्याचा प्रयत्न फसला. राष्ट्राध्यक्षाला तेव्हा निवृत्तिवेतन नव्हते, आणि पद स्वीकारताना लष्करी हुद्दा सोडल्याने तेही वेतन गेले. न्यूयॉर्कमध्ये मुलाचा भागीदार होता फर्डिनांड वॉर्ड, तिशीतला, चलाख. पेढीचे नाव 'ग्रँट अँड वॉर्ड'. ग्रँटने होते नव्हते ते तिथे ठेवले. वॉर्ड एकेच रोखे दोन-दोन ठिकाणी तारण ठेवी, नसलेल्या सरकारी कंत्राटांच्या गोष्टी सांगे, आणि नव्या ठेवीदाराच्या पैशातून जुन्याला भरघोस नफा वाटी. दामदुप्पट योजनांत हात पोळलेल्यांना याहून जास्त सांगायला नको. ग्रँट हिशेबाच्या वह्या उघडत नसे, पुढे आलेल्या कागदावर सही करी, आणि आपण श्रीमंत झालो असे समजे.

४ मे १८८४, रविवार. वॉर्ड घरी आला : आपली बँक अडचणीत आहे, एका दिवसापुरते दीड लाख डॉलर हवेत. पाय दुखावल्याने कुबड्यांवर असलेला ग्रँट उठला आणि विल्यम व्हँडरबिल्टकडे गेला. व्हँडरबिल्टने सांगितले, पेढीसाठी देत नाही, तुमच्यासाठी देतो. मंगळवारी पेढी बुडाली. घरात मोजले तर ग्रँटजवळ ऐंशी डॉलर आणि ज्युलियाजवळ एकशे तीस. व्हँडरबिल्ट कर्ज सोडायला तयार होता, ग्रँट ऐकेना. घरेदारे, तलवारी, पदके, देशोदेशींच्या राजांनी दिलेल्या भेटी, सगळे त्याने लिहून दिले. त्या वस्तू व्हँडरबिल्टने पुढे राष्ट्राच्या स्वाधीन केल्या.

त्याच उन्हाळ्यात पीचचा घास गिळताना घशात आग झाली. हिवाळ्यापर्यंत निदान ठरले : कर्करोग. पैशासाठी एका मासिकात तो लढायांवर लेख लिहू लागला होता. त्याच मंडळींना आठवणींचे पुस्तकही देणार होता, अगदी थोड्या मोबदल्यावर. मार्क ट्वेनने अटी पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. आपल्या प्रकाशनाकडून निव्वळ नफ्याचे सत्तर टक्के देऊ केले. तरी ग्रँट अडला, कारण आधी विचारले होते मासिकवाल्यांनी! शिंगराच्या सौद्यातला पोरगा साठीतही तसाच होता. शेवटी मित्रांनी समजूत घातली.

मग तो लिहीत सुटला. गिळता येईना, रात्री गुदमरल्यामुळे आडवे होता येईना, खुर्चीत बसून झोपायचे. आवाज होता तोवर सांगून लिहवले, आवाज गेल्यावर पेन्सिलीने. मार्च १८८५ मध्ये काँग्रेसने त्याचा हुद्दा परत दिला. जूनमध्ये त्याला न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट मॅकग्रेगर या डोंगरावरच्या बंगलीत हलवले. तिथला फोटो प्रसिद्ध आहे : ओसरीवर वेताची खुर्ची, डोक्याला लोकरी टोपी, गळ्याभोवती फडके, हातात कागद. पुस्तक मेक्सिकोपासून अॅपोमॅटॉक्सपर्यंतचे. राष्ट्राध्यक्षपदाबद्दल जवळजवळ नाहीच. वॉर्डचा उल्लेख प्रस्तावनेत एका वाक्यात, तोही नाव न घेता. अर्पणपत्रिकेत अमेरिकेचा सैनिक आणि खलाशी एवढेच शब्द. मुलाने विचारले, उत्तरेचा म्हणायचे का, तर ग्रँटने सांगितले, दोन्हीकडचा.

जुलैत एक म्हातारा पाहुणा डोंगर चढून आला. सायमन बकनर. ग्रँटला बोलता येत नव्हते, त्याने चिठ्ठ्या लिहिल्या; बकनर हात धरून बसला. काही दिवसांत लेखन संपले आणि २३ जुलै १८८५ च्या सकाळी ग्रँट वारला. न्यूयॉर्कच्या अंत्ययात्रेत शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये उत्तरेचे शर्मन आणि शेरिडन होते, तसे दक्षिणेचे जोसेफ जॉन्स्टन आणि बकनरही. पुढच्या फेब्रुवारीत मार्क ट्वेनच्या प्रकाशनाने ज्युलियाच्या हाती पहिला धनादेश ठेवला, दोन लाख डॉलरचा.